नवसाबाईंच्या नावाने

तेजश्री लोकांचं रक्त काढून पोट भरते, असं तिच्या वडिलांनी एकदा भर पंगतीत एका यजमानाला सांगितलं होतं. तो बिचारा हातातला घास हातातच धरून बसला. पण यज्ञेश्वरशास्त्रींचा तरी काय दोष? पिढ्यान् पिढ्या पंचवटीत उपाध्येपण करणाऱ्या घरातल्या माणसाने पोरीचं काम चार लोकांत सांगायचं तरी कसं? ‘डॉक्टर आहे’ म्हटलं की समोरचा लगेच गुडघा पुढे करतो. ‘डॉक्टर आहे, पण औषध देत नाही’ म्हटलं की त्याला दया येते. ‘पोस्टडॉक करते’ म्हटलं की विचारतो, म्हणजे अजून शिकतेच आहे का? चौतिशीच्या मुलीबद्दल असं कुणी विचारलं की शास्त्रीबुवांचा चेहरा पडायचा.

मग त्या ऑक्टोबरात, तेजश्री ज्या पेशींवर काम करायची त्यांच्याच शोधाला नोबेल जाहीर झालं. पारितोषिक मिळालं अमेरिका आणि जपानच्या शास्त्रज्ञांना, पेढे वाटले यज्ञेश्वरशास्त्रींनी. “आमच्या तेजूचाच विषय,” असं सांगत ते गल्लीभर फिरून आले. शेजारच्या काकूंनी तर तेजश्रीला फोन करून विचारलं, की तुला घ्यायला जावं लागेल का गं, की घरपोच पाठवतात?

ह्या पेशी म्हणजे नियामक टी पेशी. प्रयोगशाळेत सगळे त्यांना टी-रेगच म्हणतात. तेजश्री शहराबाहेरच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या संशोधन विभागात होती आणि तिचा विषय होता आमवात. ह्या पेशी काय करतात ते समजावून सांगायला तिला फार आवडायचं. ऐकायला फारसं कुणाला आवडायचं नाही, ती गोष्ट वेगळी. ऐकून घेतलं ते एकट्या नवसाबाईंनी.

नवसाबाई मखमलाबादच्या पुढच्या. घरची फुलशेती: झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. पहाटे फुलबाजारात माल उतरवायचा, दुपारी हार गुंफायचे. पन्नाशी आली नव्हती, पण आमवाताने हाताची बोटं धरली आणि सुईत दोरा ओवणं अवघड झालं. रुग्णालयात औषध सुरू करायच्या दिवशी तेजश्रीने त्यांना खुर्चीत बसवलं, अभ्यासासाठी रक्त द्याल का म्हणून विचारलं, आणि आपली आवडती गोष्ट सुरू केली.

“मावशी, आपल्या रक्तात राखणदार असतात. बाहेरून रोग आला की त्याच्यावर तुटून पडतात. पण कधीकधी त्यांचं डोकं फिरतं आणि ते आपल्याच सांध्यांना झोडपतात. तेव्हा ‘अरे गप, हा आपलाच आहे’ असं म्हणून त्यांना आवरणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. माझं काम त्या पेशींवर आहे.”

नवसाबाईंनी जरा विचार केला. “म्हंजी आमच्या आत्याबाई,” त्या म्हणाल्या. “सासू हो माझी. दोघा भावांची जुंपली का मधे जाऊन बसायच्या. त्या गेल्या, आन् घरात बांधावरनं बोलनं सुरू झालं.”

“तुमच्या रक्तात त्या पेशी आहेत मावशी, भरपूर आहेत. पण त्यांचं कुणी ऐकत नाही.”

“आत्याबाईंचं बी शेवटी शेवटी कोन ऐकत व्हतं!”

तेजश्री इतकी हसली की बाहेरच्या रांगेतल्या बायका डोकावून गेल्या. त्या दिवसापासून नवसाबाई तिच्या लाडक्या झाल्या. इतर रुग्णांना ती तारखेची आठवण करून द्यायला फोन करायची. नवसाबाईंना करायची ती गप्पा मारायला, आणि गप्पांच्या शेवटी विचारायची, “मावशी, आता बरं वाटतंय ना?”

“हां, वाटतंय की,” असं नवसाबाई म्हणायच्या.

तेजश्रीची नेमणूक मार्चअखेर संपत होती. पुढची तीन वर्षं मिळवायची तर निधी देणाऱ्या समितीपुढे काहीतरी ठोस मांडायला हवं होतं. तिचं म्हणणं असं होतं, की औषध लागू पडतं तेव्हा ह्या आवरणाऱ्या पेशींमध्ये पुन्हा जोर येतो, आणि तो रक्तात आधीच दिसतो. म्हणजे कुणाला कोणतं औषध लागू पडेल हे लवकर सांगता येईल आणि माणसाचे दुखण्यातले महिने वाचतील. म्हणणं झकास होतं. पुरावा मात्र ‘थोडं बरं, थोडं तसंच’ अशा थाटाचा. औषधाआधीचं रक्त आणि नंतरचं रक्त समोरासमोर ठेवलं की बहुतेक रुग्णांत इकडचा दोरा तिकडे, इतकाच फरक.

आणि मग ऐन दिवाळीत नवसाबाईंचं दुसरं रक्त तिने तपासलं. ते घेतलं होतं नवरात्राच्या आधी, ती पुण्याला कार्यशाळेला गेली होती तेव्हा. मनोज नावाचा नवीन तंत्रज्ञ होता, त्याने रक्त घेऊन त्यातल्या पेशी रीतसर गोठवून ठेवल्या होत्या. तेजश्रीने त्या बाहेर काढल्या, भांडकुदळ पेशी आणि आवरणाऱ्या पेशी एकाच वाटीत सोडल्या, आणि थोड्या दिवसांनी पाहिलं तर वाटीत कसं शांत शांत! आवरणाऱ्या पेशींनी सगळ्यांना गप्प केलं होतं. असा निकाल तिने फक्त दुसऱ्यांच्या शोधनिबंधांत पाहिला होता.

तिने तिथूनच आपल्या मार्गदर्शकांना, आल्हाद सरांना, फोन लावला. सर घरी चकल्या तळत होते.

“सर, नवसाबाई!” ती ओरडलीच. “आत्याबाईंचं ऐकायला लागले सगळे!”

“थांब, चकली करपेल,” सर म्हणाले. पण त्यांचाही आवाज फुलला होता.

पुढचे काही दिवस तेजश्री हवेत होती. समितीसमोर दाखवायची चित्रं तिने तयार केली, त्यात नवसाबाईंचं चित्र सगळ्यात मोठं. आईने केलेल्या अनारशांपैकी निम्मे तिने प्रयोगशाळेत नेऊन वाटले. समितीची बैठक सोमवारी ठरली.

शुक्रवारी माशी शिंकली. सर म्हणाले होते, की आमवाताची खूण सांगणारी प्रतिद्रव्यं रक्तात असतात, त्यांचाही आकडा जोड, कुणीतरी विचारणारच. तिने ती चाचणी लावली. पहिल्या रक्तात प्रतिद्रव्यं खच्चून भरलेली. दुसऱ्यात काहीच नाही. म्हणजे थोडीही नाहीत. तिने किट बदलून परत लावली. परत शून्य.

“औषधाने गेली असतील,” ती सरांना म्हणाली. म्हणताना तिचं तिलाच ते पटलं नाही.

सरांनी चष्मा काढून पुसला. वाईट बोलायच्या आधी ते नेहमी चष्मा पुसायचे. “कमी होतात, तेजश्री. एवढ्यात अशी पुसली जात नाहीत. एक तर मावशींवर सप्तशृंगी प्रसन्न झाली, नाहीतर ह्या मावशीच नव्हेत.”

“असं कसं होईल? मनोजने नाव विचारून घेतलंय!”

मनोजला बोलावलं. तो आधीच घाबरलेला. “मॅडम, मी ‘नवसाबाई कोण’ म्हणून हाक मारली. त्या ‘मी’ म्हणाल्या. आधार कार्ड बघायला पाहिजे होतं, ते नाही बघितलं. चुकलं माझं. पण माणूस स्वतःहून ‘मी’ म्हणतो म्हटल्यावर... मी काय त्यांच्या बारशाला गेलो होतो?”

तेजश्रीला त्याच्यावर धड चिडताही येईना. नवसाबाईंचा निकाल काढून घेतला तर तिच्या मांडणीत उरत होतं काय? तेच आपलं ‘थोडं बरं, थोडं तसंच.’ ही चाचणी समितीने मागितलेली नव्हती. ती लावलीच नसती तर कुणाला पत्ताही लागला नसता. हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचाच राग आला.

“रविवार आहे मध्ये,” सर म्हणाले. “जाऊन भेटून ये.”

रविवारी सकाळी तिने स्कूटर काढली. रस्ताभर ती एकच घोकत होती: मावशींचे हात बरे निघू देत. हात बरे असले तर बाकीचं मी बघून घेते.

घर पाटाच्या कडेला होतं. अंगणात शेवंतीचे क्रेट एकावर एक रचलेले, आणि त्यांच्या आड बसून एक बाई भराभर हार गुंफत होती. तेजश्रीने तिला पूर्वी एकदा रुग्णालयात नवसाबाईंसोबत पाहिलं होतं. ही भाग्यश्री, नवसाबाईंची सख्खी धाकटी बहीण आणि सख्खी जाऊही. धाकट्या दिरासाठी, ज्ञानेशसाठी, नवसाबाईंनीच तिला माहेराहून मागून आणली होती. तेजश्रीला पाहिल्याबरोबर भाग्यश्रीची सुई थांबली.

“आक्का! दवाखान्याच्या ताई आल्या गं!” तिने आत हाक दिली. त्या हाकेत स्वागत कमी आणि सावधगिरीच जास्त होती.

नवसाबाई बाहेर आल्या. पाण्याचा तांब्या त्यांनी दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरला होता, बोटं न मिटता. बोटांची पेरं सुजून लालसर झाली होती. तेजश्रीने ते हात पाहिले आणि तिला सगळं कळलं. पाणी प्यायचं सोडून ती तशीच उभी राहिली.

“बसा की ताई,” नवसाबाई म्हणाल्या आणि हात पदराखाली घेतले.

चहा झाला, दिवाळीचा उरलेला चिवडा झाला. शेवटी तेजश्रीनेच विचारलं, “मावशी, नवरात्राच्या आधी दवाखान्यात कोण आलं होतं?”

नवसाबाईंनी बहिणीकडे पाहिलं. भाग्यश्रीने हातातला हार खाली ठेवला आणि हनुवटी वर केली.

“मी आले व्हते,” ती म्हणाली. “आक्काचं आंग धरलं व्हतं, उठवत नव्हतं. मंग तिच्या नावानं मी गेले. डॉक्टरला हात दावले, रक्त दिलं, गोळ्या घेऊन आले. त्यात काय येवढं?”

“त्यात काय एवढं? अहो, मी ते रक्त नवसाबाईंचं म्हणून तपासलं!”

“मंग? सख्ख्या बहिनी हावोत आमी. आई एक, बाप एक, आता चूल बी एक. रक्त काय येगळं निघनार?” भाग्यश्रीला आता चेव चढला. “आक्का बाळंतीन व्हती, तवा तिचे सोमवार मी धरले. मला कावीळ झाली, तवा माझा नवस फेडाया ही गडाच्या पायऱ्या चढली. बचत गटात हिची हजेरी मी लावते. देवाला चाललं, गटाला चाललं. तुमच्या मशिनीलाच नाय चाललं व्हय?”

तेजश्री एवढी शिकली सवरली, पण एकीचा उपास दुसरीने केलेला देवाला का चालतो आणि यंत्राला का चालत नाही, ह्याचं उत्तर तिच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. तिला हसूही येत होतं आणि सोमवारची बैठकही डोळ्यांसमोर दिसत होती. मग एकदम दुसरीच गोष्ट तिच्या लक्षात आली.

“थांबा. डॉक्टरांना हात कुणी दाखवले म्हणालात?”

“मीच. नेहमीच्या बाई नव्हत्या, नवीन पोरगा व्हता. हात एकदम झकास हायेत म्हनला. खूश झाला. गोळ्या निम्म्या केल्या.”

“आणि मावशी, तुम्ही तेव्हापासून निम्म्याच घेताय?”

“चिठ्ठीवर लिवलंय तसं घेते,” नवसाबाई म्हणाल्या. “शिकलेल्या मानसानं लिवलंय.”

तेजश्रीने कपाळाला हात लावला. धाकटीचे धडधाकट हात पाहून थोरलीचं औषध कमी केलं होतं, आणि थोरली ते इमानेइतबारे घेत होती. निकाल गेला, समिती गेली, ते सगळं तिच्या डोक्यातून क्षणभर पुसलंच गेलं. ही बाई नवरात्रापासून विनाकारण कळा सोसत होती.

“पण मी फोन करत होते ना मावशी! दर वेळी विचारत होते. तुम्ही बरं आहे म्हणत राहिलात. का?”

भाग्यश्री म्हणाली, “सांग की आता.”

“तुमी कसं इचारता, ठावं हाय का ताई?” नवसाबाई हळूच म्हणाल्या. “‘मावशी, आता बरं वाटतंय ना?’ आसं इचारता. इतक्या जिवानं इचारता, का नाय म्हनवतच नाय. पहिल्या येळेला म्हनले दुखतंय, तर फोनवर तुमचा आवाज येवढासा झाला. आन् एकदा तुमीच बोलल्या व्हत्या, मावशी, तुमी बऱ्या झाल्या का माझं बी काम पुढं जाईल. म्या म्हनलं, पोरीच्या नोकरीचं हाय. आपन कशाला आडवं जायचं?”

तेजश्री असं बोलली होती. कधी, ते आठवत नव्हतं, पण बोलली होती हे नक्की. असलं ती सगळ्यांशीच बोलायची. तिला शरम वाटली, आणि त्या शरमेत एक विचित्र सुखही होतं, की आपल्या आवाजाला जपण्यासाठी कुणीतरी एवढं केलं. डोळे भरून आले ते तिने पुसलेही नाहीत.

“आता रडाया काय झालं?” नवसाबाई घाबरल्या. “गेली का काय नोकरी?”

“नाही हो.”

“मंग?”

“मावशी, तुम्हाला दुखत असलं तर माझं काम बुडत नाही. ‘दुखतंय’ हेच तर मला कळायला हवं. तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बरं म्हणालात, तर मी पुढच्या दहा बायकांना चुकीचं औषध चांगलं म्हणून सांगेन.”

नवसाबाईंनी मान हलवली. दहा बायकांचं त्यांना लगेच कळलं. “मंगळवारी येते,” त्या म्हणाल्या. “मीच येते.”

निघताना भाग्यश्रीने शेवंतीची भली मोठी जुडी स्कूटरच्या हुकाला अडकवली. पैशाचं नाव काढलं तर डोळे वटारले. “आक्काच्या नावानं देते,” ती म्हणाली, आणि दोघी बहिणी हसत सुटल्या. मग तेजश्रीही हसली. काय करणार?

घरी येऊन तिने वडिलांना सगळं सांगितलं. यज्ञेश्वरशास्त्री पाटावर बसून सुपारी कातरत ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचे खांदे हलू लागले.

“बाबा, हसू नका. माझं वाटोळं झालंय.”

“अगं, पण आपलं घर चाललंय कशावर?” ते म्हणाले. “परवाच एका परदेशातल्या यजमानाचा अभिषेक केला. संकल्पात नाव त्याचं, गोत्र त्याचं. थंडीत कुडकुडलो मी, पुण्य त्याला. त्या बाईंचं काय चुकलं सांग बरं?”

“पुण्य पोचतं बाबा. पेशी नाही पोचत.”

“ते मात्र खरं.” शास्त्रीबुवांनी सुपारी तोंडात टाकली. “आणि एक सांगू? यजमान खोटं गोत्र सांगतो तेव्हा मला काही कळत नाही. तुझ्या यंत्राला कळलं. म्हणजे यंत्र खरं निघालं की. उद्या जा आणि झालं तसं सांग. त्यात रडण्यासारखं काय आहे?”

रडण्यासारखं बरंच होतं. पण वडिलांच्या तोंडून ऐकल्यावर ते जरा कमी वाटलं खरं. तेजश्रीने बसून सगळ्यात मोठं चित्र काढून टाकलं. त्याच्या जागी तिने नवीन काही घातलं नाही.

सोमवारी समिती पडद्यावर चौकोनाचौकोनांतून हजर झाली. आल्हाद सर तिच्या शेजारी बसले होते, त्यांचा चष्मा आधीच दोनदा पुसून झाला होता. तेजश्रीने आपलं म्हणणं मांडलं, थोडेथोडे फरक दाखवले, आणि मग श्वास घेऊन सांगून टाकलं, की माझा सर्वांत चांगला निकाल मी मागे घेतेय, कारण ते रक्त रुग्णाचं नव्हतं, तिच्या बहिणीचं होतं. पडद्यावरच्या एका गृहस्थांनी कपाळाला आठ्या घातल्या.

“बहिणीचं का दिलं?” समितीतल्या एका वयस्क बाईंनी विचारलं.

तेजश्रीने सोमवारांचं सांगितलं, गडाच्या पायऱ्यांचं सांगितलं, बचत गटाच्या हजेरीचंही सांगितलं. आपण फोनवर कसं विचारत होतो, तेही सांगितलं. ते सांगताना तिची जीभ जड झाली, पण सांगितलं. त्या बाई हसू लागल्या आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

“ही बहीण निरोगी आहे?” पाणी पिऊन त्यांनी विचारलं. “सख्खी? त्याच शेतात राबते, तेच पाणी पिते, त्याच चुलीवरचं खाते? अगं मुली, तुलना करायला असं माणूस मिळावं म्हणून लोक जंग जंग पछाडतात! हे रक्त बाद. दुसरीच्या नावावर घेतलंय, ते वापरायचं नाही. पण त्या बहिणीला नीट समजावून सांग, तिच्या स्वतःच्या नावाने संमती घे, आणि दोघींचं रक्त शेजारी शेजारी ठेवून बघ.”

आठ्या घातलेल्या गृहस्थांनी मात्र आठ्या सोडल्या नाहीत. तीन वर्षं मागितली होती, एकच मिळालं, आणि तेही रुग्णांची ओळख तपासायची पद्धत सुधारा ह्या अटीवर. पडदा बंद झाल्यावर सर म्हणाले, “एक तर एक.” मग दोघं कँटीनमध्ये गेले आणि मिसळ खाल्ली. तेजश्रीला वाटलं होतं आपल्याला घास जाणार नाही. पण तिने दुसरा पाव मागवला.

मंगळवारी दोघी बहिणी लग्नाला निघाल्यासारख्या ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. नवसाबाईंनी कुणी मागायच्या आत आधार कार्ड मनोजच्या टेबलावर ठेवलं. “घ्या. मीच हाय,” त्या म्हणाल्या. मनोजने कार्ड पाहिलं, चेहरा पाहिला, आणि वर आईचं नावही विचारून घेतलं.

रुग्णालयातल्या नेहमीच्या डॉक्टरबाईंनी हात तपासले. त्या हळहळल्या, गोळ्या पूर्ववत केल्या, जोडीला नवीन औषध लिहून दिलं. ते संध्याकाळपासून सुरू करायचं होतं, म्हणून रक्त त्याआधी. भाग्यश्रीने तेजश्रीकडून सगळं समजून घेतलं, तीनदा प्रश्न विचारले, आणि मग स्वतःच्या नावावर सही केली. तिचं रक्त आधी घेतलं. तिने मूठ अशी आवळली की मनोजला शीर शोधावीच लागली नाही.

मग नवसाबाई खुर्चीत बसल्या. मनोजने दंडाला पट्टा बांधला आणि सवयीने म्हणाला, “मूठ आवळा.”

नवसाबाईंची बोटं अर्ध्यावर आली आणि थांबली. त्यांनी पुन्हा जोर लावला, ओठ मिटून घेतले. बोटं पुढे जाईनात.

“नाय व्हत,” त्या खाली बघत म्हणाल्या.

“राहू द्या, राहू द्या, तशीही मिळेल शीर,” मनोज घाईघाईने म्हणाला.

भाग्यश्री कोपराला कापूस दाबून बाकावर बसली होती. ती उठली, नवसाबाईंच्या शेजारी आली, आणि आपला तळवा बहिणीच्या बोटांभोवती घालून तिने हलकेच ती मिटली. दुखेल इतकी नाही, पण मूठ झाली. शीर वर आली.

तेजश्री खुर्चीच्या पायाशी बसली. “मावशी,” तिने विचारलं, “कसं आहे?”

नवसाबाईंनी तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं, जणू ते उतरतंय का ते बघत होत्या.

“दुखतंय,” त्या म्हणाल्या. “लय दुखतंय, पोरी.”

तेजश्रीने मान हलवली. मनोजने सुई टोचली, आणि नळीत नवसाबाईंचं रक्त उतरू लागलं.